बिनवासाचं धुणं

माझ्या आईच्या अंगाला कसलाच वास येत नसे. हे मी कौतुकानं सांगते आहे असं कुणी समजू नये. इतरांच्या आयांच्या पदराला चुलीच्या धुराचा वास असतो, लसणाचा असतो, शेणाचा असतो, डोक्याला चोपडलेल्या तेलाचा असतो. पोर डोळे मिटून पदर हुंगतं आणि आई ओळखतं. मला माझी आई तशी कधी ओळखता आली नाही. तिचा वास एका साहेबाच्या हुकमानं धुऊन काढलेला होता, आणि तो धुऊन काढण्याचं कामही तिच्याकडूनच करून घेतलं होतं.

साहेब मुंबईच्या एका कापसाच्या पेढीतला. लोणावळ्यात दरीच्या काठाला त्याचा बंगला होता. पावसाळा सरून रान वाळायला लागलं की तो शिकारीसाठी येऊ लागे, तो पार ऊन तापेपर्यंत. बंगल्याच्या मागं घोड्यांचा तबेला आणि तबेल्याला लागून आमची खोली. माझे वडील त्या बंगल्याचे परीट होते. मी लहान असतानाच ते तापानं गेले. बटलरनं आईला खोली सोडायला सांगितलं. तेव्हा आमच्या गावचे आबा मध्ये पडले.

आमचं गाव लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर. साहेबाच्या शिकारीला हाका घालायला माणसं याच गावची जात. हाका म्हणजे गावातल्या बाप्यांनी रानात रांग धरायची, ढोल-डबे बडवत, ओरडत जनावरं उठवायची आणि साहेब मचाणावर बंदूक घेऊन बसलेला असेल तिकडे रेटायची. जनावर उलटलं तर ते रांगेतल्या माणसावर उलटतं, मचाणावरच्या माणसावर नाही, हे सांगायला नकोच. आबा या हाक्याचे म्होरके. त्यांनी बटलरला सांगितलं, "बाईचा हात नवऱ्यापरीस साफ हाय. येकदा कपडे धुऊन बघा, मंग काढा." बटलरनं बघितलं. आई राहिली. आबांचे हे उपकार आईनं जन्मभर मोजले. मीही ते नाकारत नाही. फक्त ते उपकार पुढे किती महाग पडले एवढंच सांगते.

साहेबाच्या डोक्यात सांबरानं ठाण मांडलं होतं. सांबराचं नाक फार तिखट; वाऱ्यावर माणसाचा वास आला की ते गोळीच्या टप्प्यात येत नाही. म्हणून शिकारीच्या कपड्यांना वास असता कामा नये, असा त्याचा हुकूम. साबण नाही, कारण साबणाला वास. नीळ नाही, खळ नाही. भट्टी नाही, कारण भट्टीत राखेचा आणि वाफेचा वास धरतो. इस्त्री नाही, कारण इस्त्रीत कोळसे. परटाकडून परटाची सगळी हत्यारं काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, धू.

आई धूत असे. रात्रभर रिठे भिजवून सकाळी त्यांचा फेस काढायचा. गुरं पाणी पितात त्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या अगदी उगमाशी जायचं. तिथं तो खाकी कोट, तुमान, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, सगळं हातानं चोळायचं, आपटायचं नाही. मग खळखळत्या पाण्यात धरून ठेवायचं, बोटं बधिर होईपर्यंत. वाळवण गावापासून लांब, उतारावरच्या कारवीवर. तिथंही सुख नव्हतं. वारा खंडाळ्याच्या बाजूनं फिरला की घाट चढून येणाऱ्या इंजिनाचा धूर उतारावर पसरे. आई कारवीतून धावत सुटे, कपडे गोळा करी, आणि पुन्हा ओढ्यावर. मी कितीदा तरी तिला असं धावताना पाहिलं आहे. इंजिनाच्या शिटीला दचकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. वाळलेले कपडे ऐनाचा सुका पाला आणि गवत घातलेल्या मोठ्या टोपलीत जायचे. बंगल्याच्या आत ते कधीच न्यायचे नाहीत. शिकारीच्या दिवशी आईनं टोपली डोक्यावर घेऊन रानाच्या तोंडाशी जायचं, आणि साहेबानं तिथं चादरीच्या आडोशाला कपडे बदलायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. कपड्यांवरून हुकूम आईच्या अंगावर आला. तिनं लसूण खायचा नाही. सुकट-बोंबील नाही. मिश्री नाही. केसाला तेल नाही, फूल नाही. खोलीत चूल पेटवायची नाही. स्वयंपाक तबेल्याच्या पलीकडच्या वळचणीला, तोही भात आणि अळणी वरण. बटलर तबेल्यासमोर, घोडेवाले, माळी सगळे उभे असताना, मोठ्यानं विचारी, "बाई, साफ है ना?" त्यातलं 'साफ' कशाबद्दल हे बायकांना सांगायला नको. आई मान हलवी, कधी होय म्हणून, कधी नाही म्हणून. नाही म्हटलं की घोडेवाले हसत.

आणि तोच साहेब वरांड्यात पाय पसरून चिरूट ओढत बसलेला असे. मांडीवर कुत्रं. गालांना वासाच्या साबणाची चकाकी.

मी एकदा आईला विचारलं, "कपडे तू धुतलेस. आतल्या माणसाला कोण धुणार?"

"माणूस धुवायचं मला सांगितलेलं न्हाई," आई म्हणाली.

पण खोटं कशाला सांगू, तिला त्या कामाचा अभिमान होता. धुणं वाळलं की ती कोट माझ्या नाकाशी धरी. "हुंग. काय येतंय?"

"काही नाही."

"त्येच!" ती म्हणे, आणि तिचा चेहरा असा उजळे की मला तिचा रागच येई. तिचं म्हणण्यासारखं दुसरं काही नव्हतं. घर नव्हतं, जमीन नव्हती, नवरा नव्हता. हात होता. लोणावळ्यातले इतर परीटसुद्धा म्हणत, असा हात आमचा नाही.

मी तळेगावला मुलींच्या शाळेत शिकले आणि पुढे पुण्याला मामाकडे गेले. मामाची लाँड्री होती. शेजारच्या बोळात एक छापखाना. तिथं आधी पत्रकांच्या घड्या घालायचं काम मिळालं. घड्या घालता घालता ती वाचू लागले, वाचता वाचता लिहू लागले. वेठीविरुद्ध, दारूच्या दुकानांविरुद्ध, पाणवठ्यावरच्या विटाळाविरुद्ध. गल्लीबोळांतून ती वाटणारी मुलगी म्हणून मला लोक ओळखू लागले आणि मामी मला घराबाहेरच्या ओट्यावर जेवायला वाढू लागली. तो वेगळा विषय आहे.

एका हिवाळ्यात मी सुट्टीला आईकडे आले होते. बंगल्यात गडबड होती. साहेबाच्या पेढीचा विलायतेतला मोठा साहेब आला होता, आणि त्याला शिंगांचं झाड डोक्यावर असलेलं सांबर मिळालंच पाहिजे असा घाट होता. आई तीन दिवस मीठ-भातावर होती. शिकारीच्या सकाळी टोपल्या दोन झाल्या, म्हणून एक मी डोक्यावर घेतली.

रानाच्या तोंडाशी वाघजाईचं ठाणं आहे. करवंदीच्या जाळीत शेंदूर फासलेला दगड, एवढंच. हाक्याची माणसं तिथं आधीच येऊन बसली होती. मला पाहून एकजण ओरडला, "आली रं आली, पुण्याची मास्तरीण आली! ह्या बारीला तूच सांबराला पत्रक वाचून दाव. हसून हसून मरंल, गोळी वाचंल!"

"सांबराला कशाला?" मी म्हटलं. "वेठीला येतात त्यांना वाचून दाखवते. त्यांची सुटका आधी."

"आमाला हितं गोडधोड मिळतं का न्हाई ते बघ आदी," दुसरा म्हणाला. "आन तुजं लगीन कवा हाय?"

"तुमची वेठ सुटली की."

"मंग म्हातारी व्हशील गं!" आणि सगळी रांग खिदळली. आबाही हसले. मी हे मुद्दाम लिहिते, कारण तोवर आम्ही सगळे एकमेकांचे होतो.

आता गावाची एक रीत सांगायला हवी. देवीचा अंगारा घेतल्याशिवाय रानात कुणी पाऊल टाकायचं नाही. हाक्याला जाणाऱ्या प्रत्येकानं कपाळाला लावायचा. एकानं जरी चुकवला तरी देवीचा कोप त्या एकट्यावर येत नाही, साऱ्या रांगेवर येतो. आणि साहेब काही अंगारा लावून घेत नसत. आदल्या साली रानडुकरानं आबांच्या जावयाची मांडी फाडली. जावई जगला, पण नांगरामागं चालायच्या कामाचा राहिला नाही. गावानं त्याचा अर्थ लावून ठेवला होता: मचाणावरचे साहेब कोरड्या कपाळानं गेले, म्हणून देवीनं रांगेतला एक घेतला.

माणसं ढोल ताणत होती, साहेब अजून मागे घोड्यावर होते, तेव्हा आबा आमच्या टोपल्यांपाशी आले. त्यांच्या हातात फडक्याच्या दोन पुरचुंड्या होत्या. त्यात नुसता अंगारा नव्हता. ऊद होता, कापूर होता, ठाण्यावरच्या धुपाटण्यातली ऊन राख होती. दहा हातांवरून मला वास आला.

"बाय, कोट काढ," आबा म्हणाले.

आईनं टोपलीवरचं गवत दाबून धरलं. "आबा, वास लागंल."

"देवीचा वास हाय तो. माणसाचा न्हाई. जनावर माणसाला भितं. देवीला कशापायी भिईल?"

"पन आबा..."

"साहेबाला देवी दिसत न्हाई. देवीला साहेब दिसतो. माज्या लेकीचा नवरा खाटंवर हाय, बाय. आज माजा ल्योक रांगंत हाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग गवत बाजूला केलं. आबांनी दोन्ही कोटांच्या आतल्या खिशांत एकेक पुरचुंडी सारली आणि वरून थोपटलं, एखाद्या लेकराला निजवावं तसं. मी काही बोलणार तोच आईनं माझा दंड धरला. मला वाटलं, असू दे. हे सगळं थोतांडच आहे. आतला माणूस कुठं धुतला आहे?

साहेब आले, चादरीच्या आड गेले, खाकी होऊन बाहेर आले. मोठ्या साहेबानं हुंगल्यासारखं करून काहीतरी म्हटलं, आमचा साहेब हसला. ते मचाणावर चढले. रांग लांब वळसा घालून गेली. आई आणि मी ठाण्यापाशी बसून राहिलो.

ऊन डोक्यावर यायच्या सुमारास ढोल वाजू लागले. डबे, आरोळ्या, भेकराचं भुंकणं. आवाज जवळ आला. मग मचाणाच्या अंगाला सांबर ओरडलं. एकदाच, घंटेवर दगड हाणावा तसं. खुरांचा आवाज झाला, तोही आमच्या उजव्या अंगाला, मचाणापासून लांब, आणि वर डोंगराकडे विरून गेला. बंदूक वाजलीच नाही.

आई म्हणाली, "गेलं." एवढंच.

माणसं गोळा झाली आणि आवळ्याच्या झाडाखाली उकिडवी बसली. हाक्यातल्या एकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाला, "लय मोटं. झाडागत शिंगं. येत व्हतं सरळ, मचाणाखाली. मंग थांबलं, नाक वर केलं, आन पलटी."

मोठा साहेब मचाणावरून उतरताना स्वतःचाच कोट हुंगत होता. खिशात हात घालून त्यानं पुरचुंडी बाहेर काढली. इंग्रजी मला थोडं कळे. तो म्हणाला, मला वाटलं मी रविवारी चर्चमध्ये बसलोय. आणि तो खो खो हसला. त्याला मजा वाटली. आमच्या साहेबाला वाटली नाही. पाहुण्यासमोर हसं झालेला यजमान फार वाईट. तो बटलरशी हळू आवाजात बोलला.

बटलर पुढे आला. पुरचुंडी धरून म्हणाला, "हे कुणी घातलं?"

एवढी माणसं बसली होती. एकानं दाढी खाजवली, एकानं चंची उघडली आणि मिटली. आबा जमिनीकडे बघत होते. गवताची काडी मोडत होते, तिचे तुकडे करत होते.

"टोपली कुणाची?" बटलर म्हणाला. "टोपली बाईची. बोल बाई, तू घातलं?"

मी उभी राहिले. "तिनं नाही घातलं. घातलं ते आबांनी, मी समोर होते. विचारा त्यांना."

आबांनी मान वर केली नाही. बटलरनं आईकडे पाहिलं. आणि माझी आई, जिनं तीन दिवस मीठ-भात खाल्ला होता, जिची बोटं रिठ्यानं चिरली होती, जिच्यापाशी जगात फक्त आपला हात होता, ती म्हणाली, "मीच ठेवलं. पोरगी पुन्याला असती, तिला हितलं काय ठावं न्हाई."

मोठा साहेब अजून हसतच होता. बटलरनं पुरचुंडी आईच्या पायांशी टाकली. "खोली खाली कर," म्हणाला.

आईनं ती उचलली, कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या दारात गेले. आबा जावयाच्या खाटेशी बसून त्याच्या पायाला चोळत होते. मी बसले नाही.

"तुम्ही का नाही बोललात?"

"बस की पोरी."

"का नाही बोललात?"

आबा चोळत राहिले. म्हणाले, "मी बोललो असतो तर साहेबानं हाका दुसऱ्या गावाला दिला असता. हाका हाय म्हनून जंगलचा गार्ड आपल्याला सरपन उचलू देतो, गुरं सोडू देतो. मी बोललो तर गावाचं रान जातं. तुजी आय बोलली तर येकटीची खोली जाती."

"म्हणजे तिनं बोलायचं आधीच ठरलं होतं?"

"ठरतंय कशाला? तिला कळतं. तुला कळंना. तू बुकं शिकली."

"ती एकटी आहे म्हणून तिचंच जायचं? तिनं तीन दिवस तोंड बांधलं, तुम्ही एकदा तोंड उघडलं नाहीत!"

खाटेवरचा जावई कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून निजला. आबा म्हणाले, "तिला मी गावात जागा देतो. हाय आमचा गोठा. मोकळाच हाय." आणि मग, मी निघाले तेव्हा मागून, "देवी बघती हाय, पोरी."

"देवीच तर सापडली खिशात," मी म्हटलं.

मी आईशीही भांडले. सामान बांधताना, गाडीवर चढवताना, गोठ्यात उतरवताना. "खोटं का बोललीस?" ती म्हणे, "देवीचा अंगारा व्हता. आबांनी दिला. न्हाई कसं म्हनू?" मी म्हणे, "तुझ्या हाताचं नाव गेलं." यावर ती हात पदराखाली घेई. तेवढं एक वाक्य तिला लागत होतं, आणि तेच मी पुन्हा पुन्हा बोलत होते.

पुण्याला जाऊन मी हाक्याच्या वेठीवर पत्रक लिहिलं. साऱ्यांत चांगलं जमलेलं माझं ते पत्रक असं छापखान्यातले म्हणाले. गठ्ठा घेऊन गावाला आले. आईला वाचून दाखवलं.

"ह्यात माजं नाव हाय का?"

"नाही."

"आबांचं?"

"नाही. नावं घालत नाहीत."

"मंग हाय कुणाचं?"

"साहेबाबद्दल आहे."

"साहेबाला मराठी वाचता येतं का?"

मी गावात पत्रकं वाटली. पुरुषांनी ती तंबाखूला घेतली. एकानं माझ्यासमोरच चुना लावून मळली आणि म्हणाला, "कागुद चांगला हाय गं, मऊ."

गावात परटाचं घर होतंच. त्यांची घरं ठरलेली, बलुतं ठरलेलं. आईच्या वाट्याला उरलं ते त्यांनी नको म्हटलेलं धुणं. बाळंतिणींचे कपडे, सुतकातले कपडे, मेलेल्याचं अंथरूण. जिनं वाऱ्याला फसवणारे कोट धुतले तिनं आता तेच धुवायचं ज्याला गावात सगळ्यांत जास्त वास. ती तेही रिठ्यातच धूत असे. बायका म्हणत, "परटीणबाई, आमाला काय सांबर मारायचंय का? हाणा की दगडावर!"

पुढचा मोसम आला. साहेबानं कपडे लोणावळ्याच्या बाजारातल्या लाँड्रीला दिले. हे मला बटलरच्या पोराकडून कळलं: साबण, नीळ, कडक इस्त्री, सगळं. कोट नाकाशी धरला तर इस्त्रीच्या दुकानाचा भपकारा यावा. आणि साहेबाला सांबर मिळालं. पहिल्याच हाक्याला. त्या दिवशी वारा डोंगरावरून खाली येत होता, मचाणाकडे. गावातल्या पोरालाही ते कळलं असतं. पण गावानं काय म्हटलं? गाव म्हणालं, बघा, बाई गेली आणि सांबर मिळालं. हातातच खोट होती. एका म्हातारीनं मला अगदी मायेनं समजावलं, "तुजी आय गरीब हाय गं, पन तिच्या हातात ते नव्हतं."

आबांनी मात्र त्या वेळी साहेबाच्या खिशात काही घातलं नव्हतं. हेही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गेल्या साली देवी खिशात हवी होती, या साली नको होती, आणि दोन्ही वेळा देवी बरोबर.

साहेबानं शिंगं आणि कातडं ठेवून सांबर गावाला दिलं. गावात शिकारीचे वाटे पडतात. हाक्यातल्या प्रत्येकाचा वाटा आणि मग घरागणिक एकेक. मी त्या दिवशी गोठ्यात होते. ऐनाच्या पानांत गुंडाळलेला वाटा घेऊन आबा स्वतः आले. दारातूनच म्हणाले, "बाय, काळीज आनलंय."

काळीज वाटून देत नाहीत. ते म्होरक्याचं असतं.

"आई, घेऊ नकोस," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, आबांना ऐकू जाईल असं. "ते घेतलंस तर सगळं मिटलं असं होईल. त्यांना तेच हवं आहे."

आबा पानं धरून उभे राहिले. त्यांच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला होता आणि ते पुसत नव्हते.

आई उठली, पदर सावरून तिनं दोन्ही हात पुढे केले आणि वाटा घेतला. "बसा आबा, च्या टाकते," म्हणाली. आबा बसले नाहीत.

आईनं चूल पेटवली. गोठ्यात, दारं लावून. ओलं सरपण, धूर छपराला भिडून खाली वळला. लसणाचा अख्खा गड्डा सोलला. सुकं खोबरं निखाऱ्यावर धरून काळं होईस्तोवर भाजलं, मिरच्या भाजल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी खोकत दाराकडे गेले, आणि तिथंच थांबले. खोली सुटल्यावरही आई अळणीच खात आली होती; इतक्या वर्षांत आमच्या चुलीवर असला वास मी कधी घेतला नव्हता. कालवण उकळायला लागलं तेव्हा आई माझ्याजवळ आली. तिनं आपला पंजा माझ्या नाकाशी धरला.

"हुंग. काय येतंय?"

"लसूण," मी म्हटलं. "धूर. रक्त."

"आता कोन इचारनारं हाय?" ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला वळली. एकच ताट घेतलं. मी खाणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. ती चुलीपाशी पाठमोरी बसून सावकाश, एकेक तुकडा चावून खात राहिली. दाराबाहेर कुणाच्या तरी सुतकाचं गाठोडं केव्हाचं येऊन पडलं होतं. मी ते आत घेतलं नाही.